राहत्या फ्लॅटमध्ये छतात लाइट बसवायला किती खर्च येतो?

आधी वर बघा: फॉल्स सीलिंग आहे की नुसता स्लॅब? सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो.

सीलिंग असेल तर काम सोपं. होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोक पाडायचं, वायर ओढायची, ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारी छोटी डबी) आत सरकवायचा, दोन्ही स्प्रिंग दाबून लाइट वर ढकलायचा. पुण्याकडे याची मजुरी लाइटमागे साधारण १५० ते ३५० रुपये, चांगल्या कंपनीचा ८-१० वॅटचा लाइट ३०० ते ६०० ला. पण जवळ वायर नसेल तर नवीन पॉइंट (म्हणजे वायर ओढून दिलेली नवी जोडणी) धरतात, त्याचे पैसे वेगळे. भाव ठरवताना "लाइटमागे की पॉइंटमागे?" हे स्पष्ट विचाराच. एका स्विचवर चार लाइट असतील तर त्याला काही मिस्त्री एक पॉइंट म्हणतात, काही चार!

नुसता स्लॅब असेल तर तो कोरायचा विचारही नको, आत सळया असतात. मग जिप्समचं सीलिंग आलं, स्क्वेअर फुटाला साधारण ७० ते १२० रुपये, रंग वेगळा. शिवाय उंची चार-सहा इंच कमी होणार आणि पंख्याचा रॉड बदलावा लागणार. खरं सांगू? एका खोलीसाठी एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरफेस लाइट लावा, म्हणजे स्लॅबला बाहेरूनच बसणारे.

आणि लाइट पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका. पंखा फिरला की सगळी खोली लुकलुकते. आमच्या हॉलमध्ये तेच झालं, दोन भोकं बुजवून पुन्हा रंगवावं लागलं.