२.८ केव्हीएचा पोर्टेबल जनरेटर घराच्या डीबीला (वीज वाटणाऱ्या बोर्डाला) कसा जोडावा? दोन्हीकडे प्लग लावलेली वायर चालेल का?

नाही, अजिबात चालणार नाही. मेन स्विच पाडायला एकदा जरी विसरलात, तरी तुमचे २३० व्होल्ट डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटे शिरतात आणि पलीकडे ११ हजारांपर्यंत चढू शकतात. तिकडे लाईन बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो. शिवाय एक प्लग उपसला, की त्याच्या उघड्या पिनांत करंट असतो.

सिंगल फेजसाठी दोन पोलचा, मध्ये ऑफ असलेला चेंजओव्हर (घर एकतर मेनला, नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच) घ्या. तो मीटरजवळचा मेन स्विच आणि डीबी यांच्या मध्ये बसतो. जनरेटर छोटा म्हणून चेंजओव्हर छोटा घेऊ नका. एरवी घराचा सगळा लोड त्याच्यातूनच जातो. मेन ४० अँपिअरचा असेल तर चेंजओव्हरही किमान ४०चा हवा. जनरेटरच्या बाजूला १० अँपिअरची दोन पोलची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि २.५ चौरस मिमी तांब्याची तीन कोअर केबल लावा. अंतर २० मीटरच्या पुढे असेल तर ४ चौरस मिमी.

बहुतेक चुका न्यूट्रलमध्ये होतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चेंजओव्हरमधून तुटायलाच हवेत. ‘न्यूट्रल कॉमन ठेवला तरी चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुसरं म्हणजे, अनेक पोर्टेबल जनरेटरांचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. तेव्हा अर्थला करंट गळला तरी परतीची वाट नसते आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. तिचं टेस्ट बटण मात्र तेव्हाही काम करतं, कारण ते फेज-न्यूट्रलवरच चालतं. त्यावर विसंबू नका. मॅन्युअल पाहून न्यूट्रल जनरेटरपाशीच, एकाच जागी बॉडीशी जोडून घ्या आणि बॉडी घराच्या अर्थिंगला. डीबीत न्यूट्रल-अर्थ कधीच जोडू नका. हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

वीज गेली की आधी चेंजओव्हर ऑफवर आणि डीबीतल्या सगळ्या एमसीबी खाली. जनरेटर दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या, मग चेंजओव्हर फिरवा. आधी फ्रिज, तो स्थिरावला की दिवे-पंखे. १ एचपीचा पंप यावर चढवू नका. सुरू होताना तो चालू करंटच्या कित्येक पट ओढतो.

जनरेटर पडवीत किंवा गॅरेजमध्ये नको. खिडकी-दारापासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला जागही येत नाही.