कर्णबधिर मुलींसाठी पैसे जमलेत, मशीन वाटायच्या का?

प्रश्न : आम्ही मरोळचं चर्चचं महिला मंडळ. जव्हारकडच्या पाड्यांवर आमचं जाणं-येणं असतं, तिथे काही मुलींना जन्मापासून ऐकू येत नाही, शाळेत नाव आहे पण बसतात घरीच, भावंडं सांभाळतात. पैसे जमलेत. कोणी म्हणतं सगळ्यांना कानाच्या मशीन देऊ, कोणी म्हणतं मुंबईच्या निवासी शाळेत आणू. एकीचा बाप तयार आहे, आई अजिबात नाही. वर गावात कुजबुज की हे बाटवायला आलेत. काय करावं? (एक वाचक, मरोळ)

उत्तर : ताई, मशीन वाटपाचा कार्यक्रम आधी कॅन्सल करा. फोटो छान येतात, पण पोरीचा कान वाढतो, कानात बसवायचा मोल्ड सैल होतो, मशीन शिट्टी मारायला लागते, मग ती काढून डब्यात टाकते, आणि जव्हारच्या पावसात ओल जाऊन तिथेच बंद पडते. सेल आणायला तालुक्याला कोण जाणार? आधी टेस्ट करा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची, तिथे तपासणी होते, आणि कमी उत्पन्नवाल्यांना केंद्राच्या अडिप योजनेत मशीन फुकट मिळते. म्हणजे तुमचे पैसे तिथे लागतच नाहीत, ते लागतात गाडीभाड्याला आणि आईच्या बुडालेल्या मजुरीला.

आता निवासी शाळा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वयात फुकट शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड त्यांची. त्यामुळे मुंबईच हवी असं काही नाही, आधी गटसाधन केंद्रात (तालुक्याच्या शाळांचं सरकारी केंद्र) विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा, पालघर जिल्ह्यातली शाळा शोधा. मला खरी काळजी वेगळीच वाटते. पोरगी शाळेत खुणांची भाषा फटाफट उचलते, मे महिन्यात घरी येते आणि आईशी बोलायला दोघींकडे काहीच नसतं. पाळीचं तिला कोण सांगणार? कोणी अंगाला हात लावला तर ती कोणाला सांगणार? म्हणून आईला आणि मोठ्या बहिणीला खुणा शिकवायचा खर्च मंडळाने उचलावा, माझ्या मते सगळ्यात आधी हाच. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राच्या डिक्शनरीत 10,000 शब्द आहेत, व्हिडिओ मोबाईलवर बघता येतात. नेट नसेल तर डाउनलोड करून न्या.

बाटवण्याचं म्हणाल तर लपवाछपवी नको. या कामाला ख्रिस्ती लोकांनीच आधी हात घातला होता, माझगावची मूकबधिरांची शाळा 1880 च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली, तमिळनाडूत पालयमकोट्टईला फ्लॉरेन्स स्वेनसन बाईंनी शाळा काढली. (कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या 1880 च्या मिलान परिषदेनंतर जगात बऱ्याच शाळांतून हातवारे बंद करून ओठ वाचायची सक्ती झाली, मुलांचं त्यात खूप नुकसान झालं, तेवढी चूक पुन्हा नको.) पण गावाला हा इतिहास ऐकवून उपयोग नाही. सरपंच आणि आशाताईंसमोर मराठीत कागदावर लिहून द्या की मदतीला अट नाही, प्रार्थनेला बसवणार नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळा असेल तर घटनेचं कलम 28 आहेच, पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. आणि प्लीज, खाऊ वाटताना येशूची कॅलेंडरं नकोत, मनात काही नसलं तरी.

त्या आईवर दबाव आणू नका, बापाची सही घेऊन पोरगी उचलून तर बिलकुल आणू नका. आईला शाळा दाखवा, एक रात्र होस्टेलवर राहू द्या, वॉर्डनला खुणा येतात का, रात्री पोरीला ताप आला तर ती उठवणार कोणाला आणि कशी, हे तिला स्वतःला विचारू द्या. नाही पटलं तर जवळच्या शाळेत घाला आणि विशेष शिक्षक खरंच येतात का, त्याच्या मागे लागा.