पातळ, तलम, झिरझिरीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. निबंधात त्याला प्रत्येक गोष्ट ‘छान’ नाहीतर ‘सुंदर’ दिसते. म्हणून समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेतली. परवा त्यानं लिहिलं, ‘माझे आजोबा तलम आहेत.’ यादीत ‘पातळ’पुढे ‘तलम, विरळ, कृश’ असं होतं. आता काय करावं? – एक आई, कराड

उत्तर : ताई, मुलाला रागावू नका. यादीनं त्याला शब्द दिले, पण ते कशाला लावायचे हे सांगितलं नाही.

माझं बालपण आणि पुढे शिक्षिकेची सगळी नोकरी इचलकरंजीत गेली. १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे गल्लोगल्ली मागांचा खडखडाट सुरू झाला. माझे वडील मागावर कामाला होते. कापड हाती आलं की ते आधी अंगठा आणि तर्जनीत धरून बघायचे. बारीक सुताचं, अंगाला न बोचणारं ते ‘तलम’, आणि वडिलांच्या तोंडून हा शब्द आला म्हणजे विणणाऱ्याला शाबासकीच. आरपार दिसणारं ते ‘झिरझिरीत’. धाग्याधाग्यांत फट राहिली की ‘विरळ’. वापरून वापरून झिजलेलं धोतर ‘विरलेलं’. चारही कापडं पातळच, पण तलम सांगून विरळ कापड गळ्यात मारलं तर गिऱ्हाईक भांडायला येणार.

म्हणून वर्गात मी विशेषण कधी एकटं शिकवलं नाही, नामासकट शिकवलं. हाच ‘पातळ’ घेऊन स्वयंपाकघरात जा. आमटी पळीवाढी असते, धिरड्याचं पीठ सरसरीत लागतं, चहात पाणी जास्त झालं तर तो पाणचट. माणसांकडे या. ‘सडपातळ’ म्हटलं तर कुणाला राग येत नाही. ‘शिडशिडीत’मध्ये चपळपणा आहे. ‘किडकिडीत’ म्हणजे अंगात ताकद दिसत नाही, ‘हडकुळा’ म्हणजे हाडं वर आलेली. ‘कृश’ आजारपणानं किंवा उपासतापासानं होतात, आणि हा शब्द लिहिण्यात जास्त, बोलण्यात कमी. ‘काटक’ तर मला फार आवडतो : अंगानं बारीक, पण दिवसभर राबून न थकणारा. आजोबांना यातलं काय लागू पडतं ते आजोबांकडे बघूनच ठरेल. अजून पहाटे उठून रानात जात असतील, तर ‘काटक’ लिहायला सांगा.

‘छान’वर बंदी मात्र घालू नका. बंदी घातली की मुलं ‘मनोहर’, ‘रमणीय’ असले शब्द कुठूनतरी आणून ठेवतात आणि निबंध आणखीच निर्जीव होतो. त्यापेक्षा विचारा : कशाला छान? डोळ्याला, हाताला, जिभेला, नाकाला की कानाला? भाकरी छान म्हणजे मऊसूत की खरपूस भाजलेली? आवाज छान म्हणजे खणखणीत, मंजुळ की पहाडी? मुलगा क्षणभर थांबतो, भाकरी आठवून बघतो आणि शब्द त्याचा त्यालाच सापडतो. हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आणि एकदा त्याला साड्यांच्या दुकानात सोबत न्या. तिथे कुणी नुसतं ‘हिरवी दाखवा’ म्हटलं तर भागत नाही. पोपटी हवी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी की हिरवीकंच? रंगांच्या नावांचा एवढा मोठा तास कुठल्याच शाळेत होत नाही.

घरी कोश नसेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येते. एखादा शब्द कशाकशाला लावतात, हेही त्यांत ठिकठिकाणी दिलेलं आहे. शाळेच्या यादीत नेमकं तेच नसतं.

प्रश्न : माझी मातृभाषा तमिळ. लग्नानंतर पुण्यात आले आणि आवडीनं मराठी शिकते आहे. ‘लालगार साडी’ म्हटल्यावर घरचे हसले. हिरवागार चालतं, मग लालगार का नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही नियम शोधलात, हे शिकणाऱ्याचं खरं लक्षण. पण इथे नियम नाही, रूढी आहे. प्रत्येक रंगानं आपले जोडीदार ठरवून घेतले आहेत, आणि एकाच रंगाचे दोन जोडीदार एकाच कामाला येत नाहीत. साडी लालभडक, रागानं झालेला चेहरा लालबुंद, पोपटाची चोच लालचुटुक. केस काळेभोर, रात्र काळीकुट्ट. ‘काळेकुट्ट केस’ म्हटलं तर कौतुकाचा सूर जातो. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, पण भीतीनं चेहरा पडतो तो पांढराफटक. आकाश निळंशार, झेंडू पिवळाधमक. या जोड्या वस्तूसकट ऐका आणि वस्तूसकटच म्हणा, दुसरा मार्ग नाही.

एक गोष्ट मात्र नियमात बसते, तिचा तुम्हाला उपयोग होईल. लिंगवचनाप्रमाणे फक्त पहिला भाग बदलतो : हिरवागार मळा, हिरवीगार वेल, हिरवंगार रान. ‘गार’ जागचा हलत नाही. ‘लाल’ स्वतःच बदलत नाही, म्हणून लालभडक सगळीकडे तसाच राहतो.

रंग फिका करायचा असेल तेव्हा शेवटाकडे लक्ष द्या. ‘पिवळसर’ म्हणजे थोडा पिवळा, त्यात बरंवाईट काही नाही. ‘पिवळट’मध्ये बहुतेकदा नापसंती डोकावते : पिवळट दात, पिवळट पडलेला सदरा. काळसर आणि काळपट यांच्यातही तेच. सासूबाईंची साडी पिवळसर म्हणा, पिवळट म्हणू नका.

पुढच्या वेळी कुणी हसलं तर त्यांनाच लालबुंद आणि लालचुटुक यांतला फरक समजावून सांगायला सांगा. शिकवायला बसलेला माणूस हसत नाही, आणि तुम्हाला आणखी चार जोड्या मिळतील.

प्रश्न : ‘खराब वास’ यापलीकडे मराठीत वासासाठी विशेषणं आहेत का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भरपूर आहेत, आणि ती बहुतेक घरातच वापरली जातात. जुनं खोबरं आणि शेंगदाणे खवट लागतात. दूध-दह्याची भांडी नीट घासली नाहीत तर आंबूस वास येतो. पावसाळ्यात न वाळलेले कपडे कुबट, दारं-खिडक्या बंद असलेली खोली कोंदट, तळाला लागलेला भात करपट. चांगल्या बाजूला भाजलेल्या बेसनाचा खमंग आहेच. ‘उग्र’ दोन्हीकडे चालतो : लसणाचा वास उग्र, आणि काही अत्तरांचाही. ‘दर्प’ आणि ‘घमघमाट’ ही नामं आहेत, पण चांगलं-वाईट ती स्वतःच सांगतात. त्यांना विशेषण लावावं लागत नाही.