बूट माळ्यावर, चालणंही माळ्यावर

प्रश्न : मी ५४ वर्षांचा, राहणार मानेवाडा. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. दिवाळीनंतर सुरू केलं, एकवीस दिवस पूर्ण केले, वाटलं लागली सवय. मग भाचीच्या लग्नात चार दिवस खाडा झाला, तो अजून सुरूच आहे. बायको म्हणते, तुमच्यात चिकाटीच नाही. खरंच तसं असेल का?

उत्तर : भाऊ, वहिनींचं बाकी सगळं ऐका, हे तेवढं ऐकू नका.

पहिले तो एकवीसचा आकडा डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं, की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला निदान एकवीस दिवस लागतात. पुढं त्यातलं ‘निदान’ गळलं, चेहराही गळला, एकवीस तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबानं ६६ दिवस. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलंही नाही. म्हणजे तुमची सवय तुटली नाही, ती अजून लागायचीच होती.

चार दिवस जरा जास्त झाले, कबूल. पण पाचव्या दिवशी काय आडवं आलं?

माझंच सांगते. मी अंबाझरीला फिरायला जायची. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी सातलाच ऊन चावतं, म्हणून थांबले. बूट पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. पाऊस आला, हवा गार झाली, तरी माझं आपलं ‘उद्यापासून’. कारण बूट काढायचे म्हणजे स्टूल ओढा, वरचे डबे सरकवा, पाल निघाली की किंचाळा, बूट झटका. दोन महिने मी स्वतःला आळशी म्हणत होते नं, आणि आड येत होतं ते स्टूल! शेवटी बूट खाली आणले आणि फाटकाला दुधाची पिशवी अडकवतात, तिथं दाराशीच ठेवले. आता दूध फ्रिजमध्ये गेलं की पाय बुटात जातात. ठरवावं लागत नाही.

तुम्हीही चालणं रोजच्या एखाद्या कामाला बांधा. चहाचा कप मोरीत ठेवला की बूट, असं. ‘सकाळी जाईन’ एवढं पुरत नाही, सकाळ फार मोठी असते. पहिला आठवडा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत या, पाऊण तासाचा हट्ट नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर उपाशीपोटी चालावं का, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आणि परतीच्या वाटेवर तर्री पोह्याचा ठेला लागत असेल, तर दुसऱ्या गल्लीनं या. ती सवय लागायला मला एकवीस दिवसही लागले नाहीत.