जुनी सॉफ्टवेअरं लिलावात विकणाऱ्या नव्या भिडूस

अरे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जुन्या सॉफ्टवेअरचा खोका उचललास, छान केलंस. पण लिलावात टाकायची घाई नको. आधी लायसन्स बघ. नव्या पीसीबरोबर आलेली ओईएम (म्हणजे पीसी बनवणाऱ्याने दिलेली) प्रत त्याच मशीनला बांधलेली असते. ती सुटी विकायला गेलास तर लिलावाच्या साइटवरून तुझी जाहिरात उडेल. रिटेल खोका, मॅन्युअल आणि अस्सलपणाचं प्रमाणपत्र एकत्र असेल तरच भाव येतो. घरी बर्न केलेली सीडी विकायचीच नाही, ती पायरसी झाली.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, पावसाळा. दमट हवेत फ्लॉपींना बुरशी लागते. विंडोज ९५ फ्लॉपींवरही यायचं, तब्बल १३ फ्लॉपी! शटर सरकवून आतली तबकडी हळूच फिरव आणि उजेडात धर. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नकोस, ड्राइव्हचं वाचणारं हेडही खराब होतं. मी एकदा न तपासता सेट पाठवला. सातवी फ्लॉपी वाचलीच जाईना. पैसे परत केले, वर टपालखर्च माझ्याच बोडक्यावर.

फोटोत प्रॉडक्ट की, म्हणजे सॉफ्टवेअर टाकताना लागणारा क्रमांक, झाकून टाक, नाहीतर फुकटे तीच टिपून घेतात. जुन्या छापखान्यातलं डीटीपी (छपाईची पानं मांडायचं) सॉफ्टवेअर मिळालं तर प्रिंटर पोर्टला लागणारा डाँगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती छोटी किल्ली, सोबत आहे ना ते विचार. तो नसेल तर उरतो नुसता खोका. आणि बोली कमीत कमी किती ठेवायची? टपालखर्च धरून, बाबा. मागितलेल्या किमती बघू नकोस, विकल्या गेलेल्या बघ.