फवारणीची गाडी, ड्रममधलं पाणी आणि तुमचे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या नगरपरिषदांमध्ये मी स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळे पालिकेच्या आरोग्य खात्याचे प्रश्न संपादक माझ्याकडे पाठवतात. या वेळी तीन घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण पावसाळा आहे.

प्रश्न : काका, आमचं गाव नाशिकपासून तासाभरावर, नगरपरिषदेचं. गल्लीत तिघांना डेंग्यू झाला. पालिकेत चारदा फोन केला तेव्हा धुराची गाडी एकदा आली, ती पण पाच मिनिटं. एरवी दोन मुली येतात, घरातलं पाणी बघतात, भिंतीवर खडूने तारीख लिहून जातात. याला काम म्हणायचं का?

ताई, आधी एक सांगतो. ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात, पण डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त आलं तर रात्र काढू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आता तुमचा प्रश्न. हो, त्या दोन मुली करतात तेच खरं काम आहे आणि मी हे खात्याची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाहीये. धुराने फक्त उडणारा डास मरतो आणि डेंग्यूचा एडिस डास तर घरातच असतो, पडद्यामागे, पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांत, आणि गाडी आली की आपण काय करतो तर दारं-खिडक्या लावून घेतो. मग धूर रस्त्यावर राहतो आणि डास घरात. शिवाय ड्रममधल्या अळ्यांना धुराने काहीच होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा, असं सांगून आम्ही घरोघर घसा कोरडा करायचो.

एका घरी गेलो होतो, घर अगदी लखलखीत, वहिनी म्हणाल्या आमच्याकडे कुठलं साचलेलं पाणी. ड्रम झाकलेले, टाकी झाकलेली, सगळं नीट. मग फ्रिज जरा पुढे ओढला आणि मागच्या ट्रेमध्ये बॅटरी मारली तर पाण्यात वळवळ, आणि उजेड पडला तशा अळ्या सर्रकन तळाला गेल्या. वहिनींच्या नातवाला आदल्याच आठवड्यात डेंग्यू होऊन गेला होता. त्या काही बोलल्या नाहीत, ट्रे उचलून अंगणात मातीवर उपडा केला. मातीवरच ओतायचं, गटारात नाही, आणि भांडं नुसतं रिकामं करून भागत नाही कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि सुकी सुद्धा महिनोन् महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. काथ्याने घासायचं.

पण एक गोष्ट खात्याने पण समजून घ्यायला हवी असं मला कायम वाटत आलंय. जिथे नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येतं तिथे बायकांना ड्रम रिकामा करा म्हणणं म्हणजे त्यांच्या जिवावर येणारच, मनमाडकडच्या लोकांना तर पाणी साठवणं काय असतं ते सांगायलाच नको. अशा घरात मी सांगायचो की दोन ड्रम पाळीपाळीने वापरा, एक पूर्ण संपवून घासा मग भरा, आणि तोंडाला जुन्या धोतराचं किंवा साडीचं कापड घट्ट बांधा, नुसतं पत्र्याचं झाकण ठेवलं तर फट राहते. वापरायच्या पाण्यात कर्मचारी अबेट हे अळ्या मारायचं औषध टाकतात ते टाकू द्या, मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे मागून घ्या.

आणि त्या मुलींना घरात येऊ द्या हो. दिवसभर उन्हात फिरतात, निम्मी दारं उघडत नाहीत. पाणी तरी विचारा त्यांना.

प्रश्न : नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा उग्र वास येतो, मुलं पीत नाहीत. तक्रार करू का?

दादा, वास येतोय तोवर मला काळजी नाही, वास अजिबात येत नाही तेव्हा काळजी वाटते. टाकीजवळ ब्लिचिंगमधला जंतू मारणारा क्लोरीन भरपूर असतो पण गावाच्या शेवटच्या नळाला पोचेपर्यंत उडून जातो, म्हणून तपासणी शेवटच्या नळावर करायची असते. काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिन नावाच्या तपासणीच्या द्रावणाचे) थेंब टाकायचे, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. पिवळं झालंच नाही तर तेव्हा तक्रार करा, लेखी करा आणि पोच घ्या.

उघड्या भांड्यात तासभर ठेवलं की वास कमी होतो. त्यापेक्षा तुमच्या नळाचा पाइप गटारातून गेलाय का ते आजच बघा. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो, चीर असेल तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटलं की तेच आधी आपल्या हंड्यात येतं. गॅस्ट्रोच्या साथीत आम्ही सगळ्यात आधी हेच शोधायचो. तोवर सुरुवातीचं पाणी सोडून द्या, प्यायचं उकळून घ्या.

प्रश्न : वडील नाशिकच्या दवाखान्यात वारले, आम्ही राहतो दुसऱ्या गावात. आमची नगरपरिषद दाखला देत नाही म्हणते.

ते बरोबर सांगतायत. नोंद जिथे घटना घडली तिथे होते, राहता पत्ता कुठलाही असो, म्हणजे तुमची नोंद नाशिक महानगरपालिकेकडे. दवाखान्याने कळवायचं असतं तरी तुम्ही जाऊन नाव आणि स्पेलिंग तपासा, पुढे बँकेत आणि सातबाऱ्याला तेच नडतं. मुदत घटनेपासून 21 दिवस. त्यानंतर घटनेच्या 30 व्या दिवसापर्यंत विलंब शुल्क भरून होतं, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर आता 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांत वगैरे अधिकाऱ्यांचा आदेश लागतो, पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं.

मृत्यूचं कारण नीट लिहिलंय ना ते पण बघा. एका वॉर्डात एकाच कारणाचे लागोपाठ मृत्यू दिसले की मृत्यू नोंदीच्या रजिस्टरवरूनच साथ कळते, आम्ही दर सोमवारी चहाच्या आधी ते उघडून बसायचो.