गरम पाण्याचा वास आणि अॅनोड रॉड: सुरुवात कुठून करावी

गीझरच्या गरम पाण्याला वास येत असेल, तर त्याच्या टाकीतील अॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी धातूची कांडी) नवा विकत घेण्यापूर्वी थंड पाण्याचा नळ सोडून पाहा. त्या पाण्यालाही सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर दोष मूळ पाण्यातच आहे आणि रॉड बदलून काहीही साधणार नाही. वास फक्त गरम पाण्याला असेल, तर टाकीतील जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करत असण्याची शक्यता मोठी असते, आणि मॅग्नेशियमचा रॉड या प्रक्रियेला हातभार लावतो. अशा वेळी पुन्हा तसाच रॉड न बसवता अॅल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा रॉड निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक म्हणजे रॉड काढून ती जागा बूच लावून कायमची बंद करणे. वास जातो खरा, परंतु स्वतः झिजून टाकीच्या पोलादाला गंजापासून वाचवणारा रॉडच उरत नाही, आणि गंजून गळू लागलेली टाकी बदलावीच लागते.

प्रत्यक्ष कामात एवढे पाळा:

- वीज किंवा गॅस बंद करून पाणी निवू द्या. थंड पाण्याची झडप बंद करा, गरम नळ उघडून दाब उतरवा आणि मगच थोडे पाणी काढा.
- जुना रॉड घट्ट बसलेला असतो, म्हणून लांब दांड्याचा पाना वापरा.
- नव्या रॉडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा.
- टाकी भरून नळाला अखंड धार आल्याशिवाय वीज सुरू करू नका. कोरडे हीटिंग एलिमेंट लगेच जळते.